गुडघा दुखतोय तर लगेच चोळू नका, आधी हे बघा

आपल्याकडं गुडघ्याला मार लागला की घरातलं कुणीतरी तेलाची बाटली घेऊन येतंच. ताज्या मारावर चोळणं नको आणि गरम शेकपण नको, सूज वाढते. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातनं तीन-चारदा, वर क्रेप बँडेज आणि पायाखाली उशी, बास.

मग दुखणं सुरू कसं झालं ते आठवा. कबड्डी खेळताना पाय जागेवर राहिला नि अंग फिरलं, आतनं कट्‌कन आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर बहुतेक एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं आतनं बांधून ठेवणारा दोर, गेलेलं असतं. सूज उतरली की पोरं म्हणतात झालं बरं, पण वळताना गुडघा निसटत असेल तर परत मैदानात उतरू नका, दोन हाडांमधली गादीपण फाटते. सूज हळूहळू दुसऱ्या दिवसापर्यंत आली आणि गुडघा मधेच अडकतोय तर ती गादीच, म्हणजे मेनिस्कस. दोन्ही एक्सरेत दिसत नाहीत, एमआरआय लागतो. ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही, पण गुडघा अडकून सरळच होईना तर थांबू नका.

मार काहीच नाही, वर्षानुवर्षं वाढत आलंय, जिना उतरताना जास्त दुखतं, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात जातो, ही झीज. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी बायका मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन दिवसभर विड्या वळतात आणि उठताना भिंत धरतात, त्यांना हे कळकळीनं सांगायचंय की गोळीच्या आधी मांडीचा स्नायू मजबूत करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबून ५ आकडे मोजा, सोडा, असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. फरक पडायला दीड-दोन महिने जातात, आठ दिवसांत सोडू नका. जमलं तर खुर्चीवर बसून वळा, नाहीतर अर्ध्या तासानं उठून चार पावलं चाला. वजन १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, बरेच जण चुकीच्या हातात धरतात. मेडिकलमधनं दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, किडनी आणि पोटावर येतं. सांधा बदलणं हे अगदी शेवटी, एवढं करूनही रात्रीची झोप उडत असेल तर.

सकाळी तासभर आखडलेलं राहतं आणि हाताची बोटंपण सुजतात, तर तो आमवात असू शकतो, त्याचा इलाज वेगळा, लवकर दाखवा.

आणि ताप येऊन गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका, त्याच दिवशी सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी.