बेळगाव सीमाभागात घराण्याचा माग कसा काढावा

पूर्वजांच्या शोधाविषयीचे परदेशी मार्गदर्शन बहुधा जनगणनेपासून सुरू होते. अमेरिकेतील 1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद 1921 च्या वॉशिंग्टनमधील आगीमुळे गेले, म्हणून तेथील लोक आजही हळहळतात. आपल्याकडे शिरगणतीचे आकडे तेवढे छापले गेले. घरोघरची नावे लिहिलेली पत्रके सहसा जपली गेली नाहीत, आणि 1948 च्या जनगणना कायद्याने अशा नोंदी कोणाला पाहताही येत नाहीत. तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडील माणसाने शिरगणतीचा नाद सोडून जमिनीचा कागद धरावा.

त्याआधी आपले गाव कोणत्या साली कोणाच्या अमलात होते, हे नक्की करावे. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. शहराला चिकटलेले शहापूर तर सांगली संस्थानात होते. हे ध्यानात न घेतल्यास भलत्याच कचेरीत हेलपाटे पडतात.

मग शेताचा चालू उतारा काढून त्यावरील डायरींचे, म्हणजे फेरफार नोंदींचे, क्रमांक टिपावेत आणि एकेका डायरीची नक्कल मागत मागे जावे. वारसा डायरीत मयताचे नाव, वारस आणि त्यांचे नाते असते, म्हणजे प्रत्येक नोंदीला एक पिढी हाती लागते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि ‘अ. पा. क.’ दिसल्यास वारस त्या वेळी अज्ञान, म्हणजे वयाने लहान, होता, असे समजावे. एवढ्यावरूनही जन्माचा काळ अदमासे ठरतो. जुन्या नोंदींत विधवा आढळतात, लग्न झालेल्या मुली मात्र बहुधा गाळलेल्या असतात. 1956 नंतरचे बरेच कागद कानडीत असल्याने वाचणारा सोबत न्यावा. त्याआधीच्या कागदांसाठी मोडी जाणणारा लागू शकतो.

माझ्या आजोळच्या शेताची नेमकी हवी ती पाने वाळवीने खाल्लेली निघाली. अशा वेळी शेजारच्या सर्व्हे नंबरांची खरेदीखते पाहावीत, कारण त्यांतील चतुःसीमेत लगतच्या धारकांची नावे लिहिलेली असतात. पूर्वेस अमक्याची जमीन, या एका ओळीत मला खापरपणजोबा सापडले. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे. त्यात वडिलांचे नाव आणि जन्मतारीख मिळते, फक्त ती तारीख मास्तरांनी अंदाजे घातलेली असू शकते.

कागदाच्याही मागे जायचे असेल, तर घरातील म्हाताऱ्यांना आपला हेळवी कोण, हे विचारावे. सुगीनंतर बैल घेऊन येणारे हेळवी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांची वंशावळ वहीत राखतात, ती म्हणून दाखवतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन नवी नावे त्यात चढवतात. सांगितलेली प्रत्येक पिढी डायरीशी ताडून पाहावी. स्तुतीच्या भरात एखादा पराक्रमी पूर्वज वाढलेला असू शकतो. शके साल आढळल्यास त्यात 78 आणि फसली, म्हणजे महसुली, सनात 590 मिळवावेत, म्हणजे इसवी सन जवळपास जुळतो. हेळवी दारी येईल त्या दिवशी सुना-लेकींची नावेही सांगून वहीत चढवून घ्यावीत.