जुन्या पॅनलचा वाळवंटी निवारा: या चुका टाळा

वाळवंटात मुक्काम म्हटलं की माणूस आधी उन्हाचा विचार करतो आणि त्याच हिशेबाने जुन्या बांधकामातून उतरवलेली फोमची पॅनलं (तक्ते) गोळा करतो: जाड, चकचकीत, उष्णता अडवणारी. त्यात चूक काहीच नाही. पण निवारा मोडतो तो वाऱ्याने. माझा पहिला निवारा दुपारभर मस्त थंड होता. संध्याकाळी मात्र त्याचं छप्पर आम्हाला पळत जाऊन पकडावं लागलं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 50 किमीच्या वाऱ्यात आठ बाय चार फुटांच्या एका पॅनलवर साधारण 35 किलोचा जोर येतो. ताशी 100 किमीला तोच 140 किलोच्या आसपास जातो. आणि इंचभर जाडीच्या फोम पॅनलचं स्वतःचं वजन? दोन-तीन किलो. शिवाय वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर ओढतो. म्हणून भिंतीच्या तळाशी चार खुंट्या ठोकून भागत नाही. माथ्याभोवती दोराचं कडं टाका आणि त्यातून प्रत्येक कोपऱ्यावरून एकेक ताणाचा दोर खाली, भिंतीपासून लांब, तिरका उतरवा. पॅनलला भोक पाडून त्यात दोर ओवू नका, पहिल्याच झोतात फोम फाटतो.

कडक मातीत जाड लोखंडी सळई ठोकली की धरते (वर आलेल्या टोकावर बाटली उपडी घाला, अंधारात पाय फुटतात). भुसभुशीत वाळूत मात्र कितीही लांब खुंटी हाताने उपटून येते. तिथे वाळूने भरलेलं पोतं दोराला बांधून दोन फूट खोल आडवं पुरा.

आता मापं. कमी खर्चात सगळ्यात सोपा आकार हेक्सायुर्टचा, म्हणजे सहा भिंतींच्या टोकदार छपराच्या झोपडीचा, 2002 मध्ये विनय गुप्ता यांनी मांडलेला. नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅन या महोत्सवाच्या वेळी असे अनेक निवारे दिसतात. आठ बाय चार फुटांची बारा पॅनलं लागतात. सहा लांब कडेवर उभी करून भिंती, उरलेली सहा कर्णावर कापून छप्पर. कचरा जवळपास शून्य, मध्यावर उंची आठ फूट, आत सुमारे 166 चौरस फूट जागा. पण हे सगळं एका गोष्टीवर टिकून आहे: पॅनलची लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट हवी. नव्या मालात ती असते, उतरवलेल्या मालात कडा तुटलेल्या असतात. दोन पॅनलं इंचभर आखूड निघाली तर तो इंच माथ्यावर फट बनून बसतो, आणि कितीही टेप लावली तरी ती फट बुजत नाही. सगळी पॅनलं मोजा, सर्वांत लहान निघेल त्या मापाला बाकीची कापा, आणि लांबी दोन इंच कमी केली तर रुंदी एक इंच कमी करायला विसरू नका.

कापाकापी घरीच उरका. वाळवंटात फोमचा भुगा उडाला की तो पुन्हा गोळा होत नाही. कापलेल्या कडाही घरीच टेपने बंद करा.

टेप हा या कामातला खरा खर्च आहे. पॅनलवर वाचवलेले पैसे इथे घाला. कापडी टेपचा गोंद उन्हात पातळ होऊन सरकतो. आडवे-उभे दोन्ही धागे असलेली रुंद टेप घ्या. जागेवर पोचल्यावर लावायची असेल तर आधी पॅनल ओल्या फडक्याने पुसून वाळवा, धुळीवर चिकटवलेली टेप धुळीलाच चिकटते. जुन्या पॅनलचा आणखी एक छुपा दोष म्हणजे टेप धरते, पण तिच्याखालचा पॅनलचा चकचकीत पापुद्राच फोमपासून सुटतो. निघण्याआधी प्रत्येक पॅनलवर एक तुकडा चिकटवून दुसऱ्या दिवशी ओढून बघा. सुटलेली पॅनलं छपराला नकोत, जमिनीवर अंथरा.

पॅनल उचलून जड लागलं तर ते पाणी प्यायलंय, सोडून द्या. जुना करडा सिमेंटचा पत्रा फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि करवत लावली की ते थेट फुप्फुसात जातं.

आत चूल, स्टोव्ह, मेणबत्ती काहीही नको. पॉलिस्टायरिनचा फोम वितळून पेटते थेंब टाकतो, पॉलियुरेथेन फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही असतो. झोपताना उशाशी धारदार कटर ठेवा, दार अडलं तर भिंत कापून बाहेर पडता येतं.

उभारल्यावरच्या तक्रारी बहुतेक हवेच्या असतात. आत धूळ येते? फटी शोधत बसण्यापेक्षा एक छोटा पंखा फिल्टर लावून बाहेरची हवा आत ढकलेल असा बसवा. आतला दाब थोडा वाढला की धूळ बाहेरच राहते. पहाटे छपरातून पाणी ठिबकतं तो पाऊस नव्हे, तुमचाच श्वास थंड पॅनलवर जमलेला असतो; माथ्याजवळ झडप उघडी ठेवा. दुपारी भट्टी होते, कारण दार उघडं असतं. दिवसा बंद, रात्री उघडं, एवढंच. दार वाऱ्याच्या आड ठेवा आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात, ते कितीही सपाट दिसलं तरी, मुक्काम टाकू नका; पाऊस दूर डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

मोडताना टेपच्या सगळ्या पट्ट्या उपटू नका. दोन-दोन पॅनलांमधली एकेक टेप बिजागरीसारखी तशीच राहू द्या, बाकीची सांध्यावरून कापा. घड्या घालून नेता येतं आणि पुढच्या खेपेला निम्मी टेप वाचते.