गोठ्यात साथ शिरल्याची शंका आली तर काय करायचं

जनावरानं चारा सोडला, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, जिभेवर फोड आलेत, पाय झटकतंय, तर लाळ्या खुरकूत असू शकतो आणि इथे बरेच जण दोन दिवस वाट बघतात. प्लीज बघू नका! लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रोग कोणता ते डॉक्टर ठरवतील, तुम्हाला शंका आली एवढं पुरे.

मग आजारी जनावर वेगळं बांधा. चारापाणी, धारा आधी निरोगी जनावरांच्या, आजारी सगळ्यात शेवटी. बूट आधी घासून शेण काढायचं, नाहीतर औषध आतपर्यंत पोचतच नाही, आणि मग १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात बुडवायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गोठ्यातलं एकही जनावर बाहेर न्यायचं नाही, धडधाकट दिसणारंसुद्धा नाही, कारण लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू बाहेर पडायला लागतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये रोग पक्का कळेपर्यंत बाजारांतून मेंढ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या, शेवटी ६० लाखांवर जनावरं मारावी लागली. वाचूनच पोटात गोळा येतो. म्हणून अधिकाऱ्यांनी ने-आण बंद केली की राग येतो ते कळतं, पण ऐका त्यांचं.

डॉक्टर येईपर्यंत मागच्या १४ दिवसांचं सगळं कागदावर लिहा. नवीन जनावर कुठून आणलं, वळू कुणाचा होता, दुधाची गाडी, चारा, आलेगेले, लस कधी टोचली. काही लपवू नका, यावरूनच पुढे कुणाकुणाचे गोठे तपासायचे आणि आजूबाजूला लस कुठपर्यंत द्यायची ते ठरतं. आणि मनानं अँटिबायोटिक टोचू नका, नमुन्यात जंतू सापडायचे ते सापडत नाहीत.

जनावर अचानक मेलं, पोट फुगलंय, नाकातून नाहीतर गुदद्वारातून काळसर न गोठणारं रक्त येतंय, तर काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका धरा. फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, ओढतही न्यायचं नाही. हवा लागली की या रोगाच्या जंतूंचे बीजाणू (कवचातली टिकाऊ रूपं) तयार होतात आणि मातीत कित्येक दशकं टिकतात. कुत्री, कावळे हाकला, मुलांना लांब ठेवा, पुरायचं कुठे आणि कसं ते डॉक्टरच सांगतील.

साथ सरल्यावरही नवीन जनावर आणलं तर निदान ३ आठवडे वेगळं बांधा, पाण्याची बादलीसुद्धा वेगळी.