लिस्बन बघायला प्रायव्हेट गाईड कसा घ्यायचा आणि त्याच्याकडून काय काय बघून घ्यायचं

आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये पॅरिस असतं, स्वित्झर्लंड असतं, रोम असतं, पोर्तुगालची राजधानी लिस्बन बहुतेक वेळा राहून जाते. खरं तर आपल्या कोकण किनाऱ्याशी सगळ्यात थेट नातं असलेलं युरोपातलं शहर हेच. वास्को द गामा १४९७ मध्ये इथूनच निघाला, १५१० मध्ये गोवा घेणाऱ्यांचा राजा इथे बसायचा, वसईचा कारभारही शेवटी इथल्याच हुकमाने चालायचा आणि तो १७३९ ला चिमाजी अप्पांनी संपवला, गोव्याचा संपायला १९६१ उजाडावं लागलं. मुंबईची बेटं हुंड्यात देऊन टाकायचं पण इथेच ठरलं. पण तुम्ही नुसते रस्त्याने फिरलात तर यातलं काहीही दिसत नाही, पाट्यांवर राजांची नावं आणि साली असतात, आणि ग्रुप टूरवाला गाईड सगळ्यांसाठी ठरलेली तीच गोष्ट सांगतो. म्हणून माझं म्हणणं, लिस्बनला जाताय तर अर्धा दिवस प्रायव्हेट गाईड घ्याच, फक्त आपली माणसं आणि तो, आणि त्याला आपले प्रश्न विचारा. ते कसं जमवायचं ते पायरी पायरीने सांगतो.

पायरी १: आधी शहराचा कुठला भाग ते ठरवा

लिस्बनचे बघण्याचे मोठे भाग दोन. एक जुनं शहर, म्हणजे आल्फामाची टेकडी, खाली बायशाचे सरळ रस्ते आणि रोसिओ चौक. दुसरा बेलेम, नदीकाठाने पश्चिमेला, जिथे जेरॉनिमोसचा मठ आणि बेलेमचा बुरुज आहे. अर्ध्या दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, निम्मा वेळ गाडीत जातो आणि हाती फोटोच राहतात. काही जण त्यातच सिंत्रापण, म्हणजे लिस्बनजवळचं राजवाड्यांचं गाव, जोडून देतो म्हणतात, सरळ नाही म्हणा, सिंत्राला वेगळा दिवस लागतो. गाईड जुन्या शहरासाठी घ्या, कारण तिथे गल्लीबोळ आहेत आणि सांगणारं कोणी नसेल तर काही कळत नाही. बेलेम नंतर स्वतःचं स्वतः करता येतं.

पायरी २: गाईड शोधणं

इटलीत गाईडला लायसन्स लागतं, पोर्तुगालमध्ये तशी सक्ती नाही, त्यामुळे तिथे कोणीही गाईड होऊ शकतं. काही जण फार छान असतात, काही जणांनी चार गोष्टी पाठ केलेल्या असतात. म्हणून बुकिंगच्या आधी सरळ विचारा की तुमचं शिक्षण कशातलं, इतिहास की कला की टुरिझम, गाईड लोकांच्या संघटनेचे सभासद आहात का, किती वर्षं हे काम करताय. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो खूश होऊन लांबलचक उत्तर पाठवतो, आणि त्या उत्तरावरूनच अंदाज येतो. रिव्ह्यू वाचताना स्टार मोजू नका, लोकांनी काय नवीन कळलं ते लिहिलंय का बघा. "खूप गोड माणूस" असं पन्नास जणांनी लिहिलं असेल तरी त्यावरून तो इतिहास कसा सांगतो ते कळत नाही.

फ्री वॉकिंग टूर म्हणून जे असतं ते वेगळं, त्यात पंचवीस तीस माणसं असू शकतात आणि शेवटी टिप अपेक्षित असते. आणि टुकटुक, म्हणजे आपली रिक्षाच, तिथे भरपूर आहेत, बऱ्याचशा इलेक्ट्रिक, ड्रायव्हरच गाईड असतो. आजीआजोबा बरोबर असतील तर चढावर टुकटुक उपयोगी आहे, पण तो पुढे बघून चालवत चालवत बोलतो, मागे अर्धं ऐकू येत नाही. शिवाय २०२५ पासून बऱ्याच रस्त्यांवर त्यांना बंदी आहे. माझं मत विचाराल तर गाईड चालणारा घ्या आणि चढापुरती टॅक्सी करा.

पायरी ३: पैशाचं आधीच स्पष्ट करा

प्रायव्हेट टूरचा रेट बहुतेक ठिकाणी पूर्ण ग्रुपचा असतो, माणशी नसतो. समजा २०० युरो सांगितले आणि तुम्ही चार जण असाल तर माणशी ५० पडले, दोघेच असाल तर १००. म्हणून शक्य असेल तर दुसरं एखादं कुटुंब बरोबर घ्या, मात्र सहाच्या वर जाऊ नका, गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मागच्याला ऐकूच येत नाही. रेटमध्ये तिकिटं धरलीत का, टॅक्सी कोणाची, टॅक्स वेगळा का, किती दिवस आधी कॅन्सल केलं तर पैसे परत, आणि वेळ वाढला तर तासाला किती, हे सगळं लेखी मागून घ्या.

पायरी ४: गाईडला मेसेज नीट लिहा

ही पायरी बरेच लोक सोडून देतात आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाची हीच. गाईडला जर फक्त तारीख आणि माणसं कळवलीत तर तो नेहमीचीच टूर देणार, त्यात त्याचा काय दोष. त्याला लिहा की आम्ही महाराष्ट्रातून येतोय किंवा गोव्यातून येतोय, बरोबर कोण आहे, वयं काय, कोणाचे गुडघे दुखतात, कोण शाकाहारी आहे, आणि आम्हाला या शहराचा हिंदुस्थानशी असलेला संबंध बघायचाय. मग दोन तीन प्रश्न नेमके लिहा. उदाहरणार्थ मुंबईच्या बेटांचा करार, गोव्याचं इन्क्विझिशन (म्हणजे चर्चच्या विरोधात वागणाऱ्यांना शिक्षा देणारं धर्मन्यायालय), मसाल्याचा पैसा कुठे गेला, वसई गेल्यावर इथे काय झालं. आधी कळलं तर चांगला गाईड तयारी करून येतो, आयत्या वेळी विचारलं तर कोणीही गुळमुळीत उत्तर देणार. हा मेसेज निदान दोन आठवडे आधी गेला पाहिजे.

पायरी ५: दिवस आणि वेळ

जुलै ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन चांगलंच लागतं त्यामुळे सकाळचीच वेळ घ्या. सोमवारी बरीच म्युझियम आणि जेरॉनिमोसचा मठ बंद असतो. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर साओ व्हिसेन्ते चर्चच्या मागे जुना बाजार भरतो तो फुकटात बघून होतो. १२ जूनच्या रात्री आल्फामात संत अँथनीची जत्रा असते, गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, ती गर्दी बघायला मजा आहे पण दुसऱ्या दिवशी सकाळची टूर ठेवू नका.

पायरी ६: रस्ता उलटा घ्या

बहुतेक टूर खालून, नदीच्या चौकातून सुरू होतात आणि टेकडी चढत जातात. तुम्ही गाईडला सांगा की वर टॅक्सीने जाऊ आणि उतरत येऊ. तेवढंच अंतर, पण माणसं दमत नाहीत आणि शेवट सपाटीवर, जेवायच्या ठिकाणाजवळ होतो.

सुरुवात साओ व्हिसेन्ते द फोरा या मठात करा, उघडायची वेळ गाईडकडून आधी कळवून घ्या. लोक इथे निळ्या टाइल्स बघायला येतात आणि त्या सुंदर आहेतच, पण आपल्यासाठी इथे पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि त्यात कॅथरीन आहे. तीच ती राजकन्या जिच्या लग्नाच्या १६६१ च्या करारात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये इथेच वारली. मुंबईकराने इथे पाच मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं. तिने मुंबई कधी पाहिलीसुद्धा नाही.

तिथून उतरत पोर्तास दो सोल आणि सांता लुझियाच्या सज्ज्यावर या. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत, एकात ११४७ ला मूर लोकांकडून, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या मुसलमानांकडून, किल्ला घेतानाचा प्रसंग आणि दुसऱ्यात भूकंपाच्या आधीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक. हे दुसरं चित्र नीट बघून ठेवा, पुढे लागणार आहे. मग आल्फामाच्या पायऱ्या, वाळत घातलेले कपडे, दारात बसलेल्या बायका. लोक राहतात तिथे, आवाज कमी ठेवा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

खाली कॅथेड्रल लागतं, मग नदीजवळ कासा दुश बिकुश, म्हणजे टोकदार दगडांचं घर, भिंतीवर हिऱ्यासारखे कापलेले दगड बसवलेत. बहुतेक लोक एक फोटो काढून पुढे जातात. हे घर १५२३ च्या सुमाराला ब्रास द आल्बुकर्कने बांधलं, आणि हा ब्रास म्हणजे गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कचा मुलगा. इथे गाईडला बापाबद्दल विचारा, गोवा घेतल्यावर तिथल्या मुसलमानांची जी कत्तल झाली त्याबद्दलही विचारा. चांगला गाईड टाळाटाळ करत नाही.

मग प्रासा दो कोमेर्सिओ, नदीला उघडा असलेला तो प्रचंड पिवळा चौक. सांता लुझियाच्या भिंतीवर जो राजवाडा बघितला तो इथे होता, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा हिशोब ठेवणारी कासा द इंडिया पण इथेच, मिरीची पोती इथे उतरायची. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी भूकंप झाला, सर्व संतांचा सण होता, चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. लोक जीव वाचवायला या मोकळ्या नदीकाठी धावले आणि नदीतून त्सुनामी आली, आणि मग शहर कित्येक दिवस जळत राहिलं. राजवाडा गेला. चौकाच्या मधे जोसे राजाचा १७७५ चा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्याला वळसा घाला, बाजूला एक दगडी हत्ती दिसेल.

चौकाच्या मागे बायशाचे काटकोनात आखलेले रस्ते, हे सगळं भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने उभं केलं. भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा आहे, त्याला गायोला म्हणजे पिंजरा म्हणतात, भूकंपात इमारत हलावी पण कोसळू नये म्हणून. इंजिनियर लोकांनी गाईडला विचारावं की असा सांगाडा उघडा कुठे बघायला मिळेल.

शेवट रोसिओ चौकात. लाटांच्या नक्षीची फरसबंदी आहे, लोक कॉफी पीत बसलेले असतात. चौकाच्या एका टोकाला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागेवर पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. पोर्तुगालचं इन्क्विझिशन १५३६ चं, गोव्यात ते १५६० ला आलं. शेजारच्या साओ दोमिंगोस चर्चमध्ये नक्की जा. १९५९ च्या आगीत ते आतून जळालं आणि डागडुजी करताना तडकलेले, काळवंडलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले. बाहेर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. आपल्या गोव्यात जे झालं ते या चौकापासून सुरू होतं, आणि गोव्याच्या माणसाने तर हा चौक गाईडशिवाय बघूच नये.

पायरी ७: चालताना

रस्ते छोट्या पांढऱ्या दगडांचे आहेत, पाऊस पडला की काचेसारखे गुळगुळीत होतात, रबरी तळाचे बूट घाला, चपला नकोत. २८ नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापू फिरतात, पासपोर्ट हॉटेलात ठेवा आणि पाकीट पुढच्या खिशात. मुलं कंटाळली तर गाईडला पंधरा मिनिटं गप्प बसायला सांगायला लाजू नका, पैसे तुम्ही दिलेत.

पायरी ८: जेवण

रोसिओच्या मागेच मार्तीम मोनीझ आणि मोरारिया, तिथे बांगलादेशी, पंजाबी, नेपाळी सगळे भेटतात, शाकाहारी लोकांची सोय होते. पण त्याआधी कुठल्याही साध्या कॅफेत काचेत ठेवलेला शामूसा बघा, तो आपला समोसाच, आणि तिथे तो रोजचा खाण्याचा पदार्थ झालाय. मात्र आत बहुतेक वेळा मांस असतं, विचारून घ्या. गोव्याचं जेवण देणारी छोटी रेस्टॉरंटही शहरात आहेत, शाकुती, सारपातेल, बेबिंका सगळं मिळतं. त्यातलं सध्या चांगलं कुठलं ते गाईडलाच विचारा, त्याला ताजी माहिती असते. शाकाहारी माणसाने "सें कार्न, सें पेश" एवढं पाठ करावं, म्हणजे मांस नको, मासे नको. काल्दो वेर्द नावाचं हिरवं सूप दिसायला पालेभाजीचं असतं पण त्यात बहुतेक वेळा सॉसेजचा तुकडा टाकतात.

आणि पोर्तुगीजांना गोवा हा विषय परका नाही. २०१५ ते २०२४ पंतप्रधान असलेले आंतोनियो कोश्ता हे वडिलांकडून मडगावच्या घराण्यातले, त्याआधी ते याच लिस्बनचे महापौर होते. जेवताना हा विषय काढा, गाईड मोकळा होऊन बोलायला लागतो.

पायरी ९: निरोप घ्यायच्या आधी

टिप सक्तीची नाही, आवडलं तर द्या, रोख दिलेली बरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाईडला बेलेमसाठी दोन ओळी फोनमध्ये लिहून द्यायला सांगा, काय उघडं आहे, कुठली रांग कधी कमी असते. बेलेमचा बुरुज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, त्यामुळे जाण्याआधी खात्री करा. दुसऱ्या दिवशी १५ नंबरच्या ट्रामने जेरॉनिमोसला जा, चर्चची आणि आतल्या चौकाची रांग वेगळी असते. हा मठ मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला. चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची समाधी आहे, तो १५२४ ला कोचीत वारला आणि त्याच्या अस्थी फिरत फिरत १८८० मध्ये इथे पोचल्या. लोक तिथूनच मागे फिरतात, तुम्ही मात्र सरळ पुढे वेदीपर्यंत जा, तिथे राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात.