तीन पिनचं सॉकेट आहे, पण अर्थिंग आहे का?

जुन्या घरात सॉकेटच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकामागे बरेचदा वायरच नसते, आणि मग फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात.

वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा.

१. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसेल. फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढंच हवं. फारच कमी आलं तर अर्थिंग तुटलेलं आहे.

२. न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी शून्य आलं तर मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा. आत दोन्ही टर्मिनल जोडणारा वायरचा तुकडा सापडला तर तो लगेच काढायला लावा. ही जुगाड फार घातक: न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यात थेट करंट!

३. हिरवी वायर मीटरजवळच्या अर्थिंगपर्यंत ओढून घ्या. तोवर निदान आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तरी बसवाच, तोही ३० मिलिअँपिअरचा.