फुलावरची मिरची आणि मचूळ होत चाललेली विहीर

माघ लागला की खाडीकाठच्या विहिरींचं पाणी झपाट्यानं खाली जातं, आणि वायंगणातली, म्हणजे भातानंतर पाण्यावर घेतलेली, मिरची नेमकी त्याच वेळी फुलावर असते. पानांच्या कडा करपतात, फुलं देठासकट गळतात, मग कुणीतरी सांगतं, "मुळं धुऊन काढ, भरपूर पाणी सोड." हा सल्ला चुकीचा नाही. पण धुवायचं पाणी कुठलं, हे कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, पिशव्यांतली मिरची, पिशव्यांच्या तोंडावर मिठाची पांढरी खपली, म्हणून सकाळपासून विहिरीचं पाणी सोडत राहिलो. आठवड्यात निम्मी फुलं खाली. नंतर मीटर बुडवला तर विहिरीचीच ईसी, म्हणजे पाण्यात किती क्षार आहेत त्याचं माप (डेसिसायमन प्रति मीटर), 1.9. मिठाच्या पाण्यानं मीठ धूत होतो! निचऱ्याची, म्हणजे पिशवीखालून निघणाऱ्या पाण्याची, ईसी आत सोडलेल्या पाण्यापेक्षा खाली कधीच जात नाही, एवढं साधं गणित. मिरची क्षाराला नाजूक. सिंचनाच्या पाण्याची ईसी 1 च्या वर गेली की उत्पादन घटू लागतं. टोमॅटो थोडं जास्त सोसतो, घेवडा मिरचीएवढंही नाही.

तेव्हा आधी विहीर बघा. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंप एका दमात चार तास चालवला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या खालच्या तोंडाची झडप) तळाला न टेकवता वर उचलून बांधा, अर्धा-पाऊण तास उपसा, मग विहिरीला दम घेऊ द्या. खाडीला लागून असाल तर भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळी ईसी मोजा. फरक दिसला तर कमी ईसीच्या वेळीच टाकी भरा. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर ते रोजच्या शिंपण्यात उडवू नका, धुण्यासाठी राखून ठेवा.

आता धुणं. कोकोपीटच्या पिशवीत हे काम खरं तर फुलं येण्याआधीच उरकायचं असतं, कारण नारळाच्या काथ्यात मुळातच सोडियम आणि पालाश (पोटॅश) भरपूर असतो. पण फुलावरच खपली दिसली तर हात बांधून बसायला नको. निचऱ्याचं पाणी वाटीत धरा. आत घालता त्या खताच्या द्रावणापेक्षा त्याची ईसी एक-दीडनं जास्त भरली, तर धुवा. 10 लिटरच्या पिशवीला 20 ते 30 लिटर गोडं पाणी, तीन टप्प्यांत, सकाळी नऊच्या आत, सावकाश. धबधबा सोडलात तर पाणी एका वाटेनं निघून जातं आणि मीठ कोपऱ्यात बसून राहतं.

धुतल्यावर त्याच दिवशी अन्नद्रव्य परत द्या: निम्म्या ताकदीचं द्रावण, त्यात कॅल्शियम नायट्रेट हवंच. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पिशवी एक दिवस सुकी, एक दिवस तुडुंब असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही आणि फळाचं टोक काळं पडतं. दुसऱ्या दिवसापासून रोजच्या पाण्यातलं 20-30 टक्के खालून निघेल असं ठेवा. असं चाललं तर पुन्हा मोठी धुलाई लागत नाही.

हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीविना नुसत्या द्रावणावरच्या शेतीच्या, पाइपांत गोष्ट वेगळी. उन्हात झाड पाणी जास्त पितं, खत कमी, म्हणून टाकीची ईसी आपोआप चढते. रोजची घट नुसत्या गोड्या पाण्यानं भरा आणि दहा-पंधरा दिवसांनी टाकीतलं द्रावण बदला. टाकीवर सावली करा. पाणी 28 अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू टिकत नाही, मुळं तपकिरी होऊन कुजतात. आपल्या दमट हवेत हा रोग एका रात्रीत पसरतो.

काढणीआधी पंधरा दिवस खत बंद करून नुसतं पाणी द्यायची टूम इंटरनेटवरून आली आहे. एकदाच कापायच्या पिकाबद्दल काय ते बोला. मिरची आठ-दहा दिवसांनी तोडायची. झाडावर फूल, पोर आणि तयार मिरची एकत्र असतात. खत तोडलंत की पुढचा तोडा गेला.

जांभ्या मातीत धुण्याच्या भानगडीत पडूच नका. पावसाळ्यानं ती धुवून नेलेलीच असते. ती आम्ल आणि भुसभुशीत, पाणी धरत नाही. जास्त सोडलंत तर नत्र आणि पालाश खाली निघून जातं आणि झाड पिवळं पडतं. तिथे थोडं-थोडं, रोज किंवा दिवसाआड, आणि बुंध्याशी पेंढ्याचं आच्छादन. खार जमिनीत चर काढल्याशिवाय पाणी भरू नका, नाही तर खालचं मीठ वर येतं. माती चिकट, पाणी मुरत नसेल तर माती तपासून जिप्समचं प्रमाण ठरवा.

एक मात्र कुठल्याही जमिनीत पाळा: मचूळ पाणी फवाऱ्यानं देऊ नका. पानावर पाणी वाळतं, मीठ राहतं.

आणि शेजारच्या हापूसला मोहोर आहे म्हणून मिरचीची नळी तिकडे वळवू नका. मोहोरावर पाणी नको. कैरी वाटाण्याएवढी झाली की झाडाला 150-200 लिटर, पंधरा दिवसांनी, तीन-चार वेळा. काढणीआधी महिनाभर तेही बंद.