सौरवादळावर वाद घालताना या चुका टाळा

‘सूर्य खवळलाय, इंटरनेट जाणार’ असा मेसेज आला की आमच्या आकाशनिरीक्षकांच्या गटात लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, सूर्यावरचे काळे डाग वाढलेत म्हणजे वादळ येणारच. दुसरा म्हणतो, मागच्या वेळी काय झालं? काहीच नाही, सगळं थोतांड. गंमत अशी की दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. डागांची संख्या, सौरज्वाला (सूर्यावरचा प्रखर प्रकाशाचा भडका) आणि पृथ्वीवरचं चुंबकीय वादळ या तिन्ही गोष्टी ते एकच धरून चालतात.

आकडा कुठल्या मापातला?

डागांचा आकडा १६० म्हणजे सूर्यावर मोजून १६० ठिपके नव्हेत. स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फने १९व्या शतकात दिलेल्या सूत्रात डागांच्या गटांची संख्या दहाने गुणतात आणि तीत सुटे डाग मिळवतात. त्यामुळे सूर्यावर एकुलता एक डाग असला तरी आकडा ११ येतो. त्यात जुलै २०१५मध्ये ही सगळी मालिका नव्या मापावर बसवली गेली. २४व्या सौरचक्राचं (डाग वाढण्या-घटण्याचं सुमारे ११ वर्षांचं चक्र) शिखर जुन्या मापात ८२च्या आसपास होतं, नव्या मापात तेच ११६ झालं. जुन्या पुस्तकातला आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवणाऱ्याला इतकंच विचारा: माप कुठलं, आणि हा एका दिवसाचा आकडा की १३ महिन्यांची सरासरी? अर्धी भांडणं इथेच मिटतात.

चक्राचं भाकीत म्हणजे वादळाचं भाकीत नव्हे

सध्याच्या २५व्या चक्रासाठी नासा आणि अमेरिकेची हवामान व सागर संस्था नोआ यांच्या तज्ज्ञ मंडळाने शिखर ११५चं आणि जुलै २०२५मध्ये येईल असं सांगितलं होतं. सौरशास्त्रज्ञ मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये २३३ सांगितलं. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४मध्ये सरासरी १६०च्या आसपास पोचली. दोघेही चुकले, तेही उलट दिशांना. पण यातल्या कुणीही अमुक तारखेला वादळ येईल असं म्हटलंच नव्हतं. २००५चा मोसमी पाऊस देशभराच्या हिशेबात जवळपास सरासरीइतका होता, आणि त्याच वर्षी २६ जुलैला, मंगळवारी, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. चक्राचा आकडा हंगामाचा अंदाज देतो, त्या एका मंगळवारचा नाही.

म्हणूनच ‘चक्र दुबळं आहे, काळजी नको’ हेही चूक. १८५९चं प्रचंड चुंबकीय वादळ, म्हणजे कॅरिंग्टन वादळ, ज्या १०व्या चक्रात आलं, ते काही विक्रमी चक्र नव्हतं. तरी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत हाताने टिपलेल्या नोंदींत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेलं दिसतं. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला हलवलं; तिथे आजही मोजणी चालू आहे.

गरजेल तो पडेल काय?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो आणि सूर्यप्रकाशातल्या बाजूला रेडिओ संपर्क बिघडवू शकतो. मोठं चुंबकीय वादळ मात्र सूर्याने फेकलेल्या प्लाझ्माच्या ढगामुळे, म्हणजे सीएमईमुळे येतं. त्याला यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. ज्वाला असेल तिथे ढग असेलच असं नाही. ऑक्टोबर २०१४मधला १२१९२ क्रमांकाचा डागसमूह २४ वर्षांतला सर्वांत मोठा होता. त्याने सहा एक्स-श्रेणीच्या, म्हणजे सर्वांत तीव्र गटातल्या, ज्वाला सोडल्या, पण ढग जवळपास फेकलेच नाहीत.

मे २०२४चं उदाहरण तर दोन्ही तटांनी घोकून ठेवावं. १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहाने ओळीने ढग फेकले आणि १० मेला जी-५ दर्जाचं (जी-१ ते जी-५ या मापातलं सर्वांत वरचं), ऑक्टोबर २००३नंतरचं पहिलंच इतकं तीव्र वादळ आलं. लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं. चार दिवसांनी त्याच समूहाने आणखी मोठी, एक्स८.७ ज्वाला सोडली. पण तोवर तो फिरत सूर्याच्या पश्चिम कडेला गेला होता, आणि आपण वाचलो.

ढग नेमका आपल्याकडे आला तरी त्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं आहे की उत्तरेकडे, यावर बरंच ठरतं. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं. ही दिशा खात्रीने कळते ती ढग पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी आल्यावर. जानेवारी २०२४पासून आपलं आदित्य-एल१ हे यान तिथेच आहे. तिथून हातात उरतात १५ मिनिटं ते तासभर. ‘जी-४ येणार म्हणाले आणि काहीच नाही’ ही तक्रार बहुतेकदा या दिशेमुळे असते. त्यात फसवणूक शोधू नये.

लहान वादळही निरुपद्रवी समजू नका. फेब्रुवारी २०२२मध्ये किरकोळ वादळाने वरचं वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक इंटरनेट उपग्रहांपैकी ३८ गेले.

मेसेज आलाच तर

ढग निघालाय का, आपल्या दिशेने का, पोचायची वेळ काय, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. ‘आता शिखर सरलं, धोका संपला’ म्हणणाऱ्याला २००३ सांगा: ते वादळ शिखरानंतर सुमारे दोन वर्षांनी आलं होतं. आणि ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, वैश्विक किरण येणार आहेत’ हा मेसेज असेल तर एकही प्रश्न नको. त्यात ‘आज’ असतं, तारीख नसते. म्हणून तो दर वर्षी ताजाच राहतो.